काहिलीवरची वाफ

वाचकहो, पौष-माघाच्या दिवसांत पाथरीकडे किंवा गंगाखेडकडे पहाटेच्या वेळी जाणे झाले, तर गुऱ्हाळ डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला कळते. जवळ जावे तर चुलाणात चिपाड भडकलेले असते, काहिलीत रस उसळत असतो, मळी काढण्याचे काम चाललेले असते, आणि या सगळ्यावर पांढरी वाफ आभाळात चढत असते. गुळव्याचे लक्ष रसावर, मालकाचे ढेपांवर, पोरांचे काकवीवर. वाफेकडे कोणी पाहत नाही. आज मी तुम्हाला त्या वाफेकडेच पाहायला सांगणार आहे.

का, ते सांगतो. आपल्या खेड्यांतली मुले आता रसायन अभियांत्रिकी शिकायला बाहेर पडतात. मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून सुरू झाली. तिचे मराठवाड्यातले केंद्र २०१८ पासून आपल्या शेजारी जालन्याला आहे. अशा ठिकाणी गेलेल्या मुलाला उष्मागतिकी नावाचा विषय भेटतो आणि पुष्कळांची तेथे पाचावर धारण बसते. जुन्या पिढीची तऱ्हा निराळी होती. परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानसुद्धा उर्दूतून शिकवीत. उष्णतेला ‘हरारत’ म्हणत. आजची मुले इंग्रजीतून शिकतात. मराठीतून उष्णतेचा विचार करण्याची पाळी आमच्या मुलांवर फारशी आलीच नाही. आणि गंमत अशी, की या विषयाचे मर्म ज्या चुलीपाशी कळते ती चूल आपल्या शिवारात आहे.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात जोसेफ ब्लॅक नावाचा अध्यापक होता. १७६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याने एक गोष्ट ध्यानात घेतली, जी आपल्या घरची बाई रोज पाहते. पाणी उकळू लागले की खाली कितीही जाळ घाला, पाणी त्याहून अधिक तापत नाही. मग जाळाची उष्णता जाते कोठे? ब्लॅक म्हणाला, ती वाफेत दडून बसते. पुस्तकांत तिला अप्रकट उष्णता म्हणतात. त्याच विद्यापीठात यंत्रे दुरुस्त करणारा जेम्स वॉट हा कारागीर होता. त्याने वाफ थंड पाण्यात सोडून पाहिली. एक माप पाण्याची वाफ सहा मापे थंड पाण्याला उकळीपर्यंत नेते, हे पाहून तो चकितच झाला. कारण विचारायला तो ब्लॅककडे गेला, तेव्हा त्याला उलगडा झाला.

आता हा हिशेब आपल्या गुऱ्हाळाला लावू. एक टन उसाचा साडेसहाशे किलोच्या आसपास रस धरा आणि गूळ शंभर-सव्वाशे किलो. म्हणजे सव्वापाचशे-साडेपाचशे किलो पाणी आपण उडवून लावतो. एक किलो पाणी पंचवीस अंशांवरून शंभर अंशांवर न्यायला ७५ किलोकॅलरी लागतात. त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४० लागतात. चुलाणाच्या धुराड्यातून जी धग जाते ती सोडून द्या. रसाला प्रत्यक्ष लागलेल्या आठ भारे चिपाडापैकी सुमारे एक भारा रस उकळीपर्यंत आणण्यात गेला, आणि सात भारे त्या पांढऱ्या वाफेत बसून आभाळात गेले. शिवाय ते पाणीही साधे नव्हे. १९७६ साली पुरे झालेल्या पैठणच्या जायकवाडी धरणातून डाव्या कालव्याने ते आपल्या उसाला आलेले असते.

या वाफेचा पाठलाग करणारा माणूस निघाला तो अमेरिकेतल्या लुइझियाना प्रांतात. त्याचे नाव नोर्बेर रिलियू. जन्म १८०६ चा, न्यू ऑर्लिन्सचा. बाप गोरा मळेवाला, आई कृष्णवर्णीय. पॅरिसला शिकून तो परत आला. तेथे साखर होत असे ती आपल्या गुऱ्हाळासारखीच, उघड्या कढयांच्या रांगेत. फरक एवढाच की उकळता रस पळ्यांनी एका कढईतून दुसरीत ओतणारी माणसे गुलाम होती. भाजणे, पोळणे रोजचे. रिलियूने कढया झाकल्या, एकीला एक जोडल्या, आणि पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्या भांड्याच्या नळ्यांत सोडली. तेथे ती निवली, पाणी झाली, आणि आपले ५४० दुसऱ्या रसाला देऊन मोकळी झाली. दुसऱ्याची वाफ तिसऱ्याला. पहिले पेटंट १८४३ चे, दुसरे १८४६ चे. ज्या मुलुखात त्याच्या रंगाच्या माणसांची खरेदी-विक्री चाले, तेथल्या मळेवाल्यांनी त्याची भांडी विकत घेतली! पुढे तो पॅरिसला परतला आणि १८९४ साली तेथेच वारला. पाथरी-गंगाखेडच्या साखर कारखान्यांत जी उंच बंद भांडी ओळीने उभी असतात, ती त्याच्याच घराण्यातली.

पण तुम्ही म्हणाल, पहिल्या भांड्याची वाफ आणि दुसऱ्यातला रस दोन्ही शंभर अंशांवर, मग रस उकळेल कसा? शंका रास्त आहे. उष्णता गरमाकडून थंडाकडेच वाहते. दोघे सारखे असले तर ती जागची हलत नाही. यावरचा उपाय हवेच्या दाबात आहे. महाबळेश्वरला पाणी पंच्याण्णव-शहाण्णव अंशांवरच उकळते. आपल्या परभणीतसुद्धा शंभराला किंचित कमीच. भांड्यातली हवा पंपाने ओढून घेतली तर रस त्याहून पुष्कळ खालीच उकळतो. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड हॉवर्डने अशी निर्वात कढई रिलियूच्या आधीच केली होती. रिलियूने त्या युक्तीची उतरंड रचली. कारखान्यात पहिल्या भांड्यात रस शंभराच्या थोडा वर उकळतो, शेवटच्यात पंचावन्न-साठ अंशांच्या आसपास. वरच्या वाफ्याचे पाणी खालच्या वाफ्यात, तेथून आणखी खालच्यात, तसेच हे.

चार भांडी असली तर एक किलो वाफ ढोबळमानाने चार किलो पाणी उडवते. मग शंभर भांडी का लावू नयेत? येथेच उष्मागतिकीचे दोन नियम वेगळे होतात. पहिला हिशेबाचा: उष्णता नाहीशी होत नाही, फार तर तिचे काम होते. मँचेस्टरच्या जेम्स जूलने १८४० नंतरच्या दशकात पाणी घुसळून हे मोजून दाखवले. हा नियम शंभर भांड्यांना हरकत घेत नाही. दुसरा नियम उताराचा, आणि तो हरकत घेतो. सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली लिहिले की, पाण्याचे चाक जसे पाणी वरून खाली पडल्याने फिरते, तसे वाफेचे यंत्र उष्णता गरमाकडून थंडाकडे उतरल्याने चालते. उतार नाही तर काम नाही. पुस्तक फारसे कोणी वाचले नाही. १८३२ साली तो ऐन छत्तिशीत पटकीने गेला. उष्णतेचा काही भाग कामात खर्ची पडतो, हे त्या पुस्तकात नव्हते. १८५० साली क्लॉझियस या जर्मन शास्त्रज्ञाने ते दुरुस्त केले, आणि उताराचे माप म्हणून १८६५ साली एन्ट्रॉपी हा शब्द घडवला. कारखान्याजवळ उतार आहे पन्नास अंशांचा. तो शंभर भांड्यांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा अंश येईल. तेवढ्याने उष्णता सरकायची तर भांडी डोंगराएवढी हवीत. म्हणून चार-पाचांवर थांबतात.

आता गुऱ्हाळवाल्याचा प्रश्न: “मग आम्ही शेजारी दुसरी काहील ठेवून आमच्याच वाफेवर रस का आटवू नये, साहेब?” उघड्या काहिलीची वाफ फार तर शंभर अंशांची, तीही हवेत मिसळलेली, आणि गूळ तयार होतो तो एकशे पंधराच्या पुढे. उतारच उलटा! बंद भांडे आणि पंप आणावा तर ते गुऱ्हाळ राहत नाही. गुळव्या बोटाने चाचणी घेणार कोठे? मात्र धुराड्याकडे जाणारी धग शंभराच्या कितीतरी वर असते. तिच्या वाटेवर दुसरी काहील बसवून कच्चा रस तापवून घेता येतो, आणि काही ठिकाणी तसे करतातही. दुसरे असे, की चरकातून निघालेल्या चिपाडात जवळजवळ निम्मे पाणीच असते. ते तसेच जाळले तर त्या पाण्यालाही प्रत्येक किलोमागे ५४० किलोकॅलरी मोजाव्या लागतात. अंगणात वाळवले तर ते काम ऊन फुकट करते. आमच्या शेतकऱ्याने हे कार्नो न वाचता ओळखले आहे.

शिक्षक बंधूंनो, वरच्या वर्गातल्या मुलांना एकदा गुऱ्हाळावर न्या. दीडशे अंशांपर्यंतचा थर्मामीटर, वजनकाटा आणि वही एवढे पुरे. गुळव्याला विचारून रसाचा पारा दर पाच मिनिटांनी टिपा. तो चढतो, मग बराच वेळ एका जागी खिळून राहतो, आणि रस दाट झाला की पुन्हा हळूहळू वर सरकू लागतो. मधल्या त्या खिळलेल्या वेळात किती चिपाड चुलाणात गेले, ते मुलांना मोजायला सांगा.