पालवणकर बंधू आणि संघाचे देणे

खोखोच्या मैदानावर पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ गडी असतात. त्यांतला एक धावतो. बाकीचे आठ एकाआड एक उलट दिशांना तोंडे करून बसतात. पाठीमागून 'खो' मिळेपर्यंत उठावयाचे नाही, आणि मिळाला की क्षणही दवडावयाचा नाही. अकलूजच्या माणसास हे समजावून सांगण्याची गरज नाही. गळीत हंगामात ऊस तोडणारा, गाडीवान, बॉयलरवरचा माणूस, पॅनमन हे सारे असेच आपापल्या जागेला बांधलेले असतात. एकाने जागा सोडली की बाकीच्यांचा घाम वाया जातो.

म्हणूनच 'नेमून दिलेले काम चोख करा, मोठेपणाची हाव धरू नका' हा उपदेश खेळाडूस आणि कामगारास सारख्याच हौसेने केला जातो. उपदेश खोटा नाही, पण तो अर्धा आहे. उरलेला अर्धा समजून घ्यावयाचा तर पालवणकर बंधूंचा इतिहास पाहावा, असे आम्हांस वाटते.

बाळू पालवणकर हे चर्मकार समाजातले. १८९२ च्या सुमारास ते पुण्यास युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर नोकरीस लागले. खेळपट्टीवर रूळ फिरवणे, जाळी लावणे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे हे त्यांचे काम. फलंदाजीची संधी त्यांस तेथे मिळत नसे. परंतु ग्रेगसारख्या निष्णात फलंदाजास तासन्‌तास गोलंदाजी करून त्यांनी आपली डावखुरी फिरकी घडवली. नोकरीतली ती जागा त्यांनी शाळा करून टाकली.

पुढे पुण्यातील हिंदू संघास त्यांची गरज भासली. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांस चालत असे. चहाच्या वेळी मात्र त्यांस बाहेर, वापरून टाकून द्यावयाच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. तरी चेंडू टाकण्यात त्यांनी कसूर केली नाही. पुढे ते मुंबईस गेले. १९०६ साली हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांस १०९ धावांनी हरविले, तेव्हा बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम दोघेही संघात होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडास गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात ११४ बळी मिळविले.

असा माणूस हिंदू संघाचा कर्णधार व्हावयास काय हरकत होती? हरकत जातीची होती. १९१३ साली मुकुंद पै कर्णधार झाले, तेव्हा हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंचा होता, असे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले. १९२० साली पै आजारी पडले आणि नेतृत्व तरुण दि. ब. देवधरांकडे गेले. देवधर उत्तम फलंदाज होते. प्रश्न त्यांच्या खेळाचा नव्हता. शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले व आपली बाजू लोकांपुढे मांडली.

कामगार चळवळीत आयुष्य घातलेल्या आम्हां लोकांस त्या कृतीची ओळख लगेच पटते. हा संप होता. संप करणारा कामचुकार असतो, असा समज सर्रास आढळतो. पण ज्याचे काम चोख नाही, त्याच्या संपाने कोणाचे काही अडत नाही. पालवणकरांवाचून संघाचे अडले, कारण इतकी वर्षे त्यांनी आपली जागा इमानाने सांभाळली होती. पै बरे होऊन परतले, बंधूही परत आले आणि बाळूंना उपकर्णधारपद मिळाले. कर्णधारपद त्यांच्या वाट्यास कधीच आले नाही. परंतु १९२३ साली धाकटे विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी संघाने स्पर्धा जिंकली. बाळू १९५५ साली वारले.

खेळाडूची निष्ठा ही संघावर चढणारे देणे आहे. जो संघ ती निष्ठा वापरतो आणि मानाचा वाटा देताना जात किंवा वशिला पाहतो, तो ते देणे बुडवितो. आज आपल्या तालुक्यात मुलेमुली मैदानावर उतरतात, तेव्हा त्यांस जागा सोडू नका असे जरूर सांगावे. मात्र ते सांगणाऱ्या शिक्षकांनी आणि मंडळांच्या चालकांनी कर्णधार निवडताना आपला हिशेबही चोख ठेवावा.