अर्पणपत्रिकेच्या पुढची गोष्ट

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अर्पण केली गुलामी मोडणाऱ्या अमेरिकन लोकांना. हे आपण भाषणात सांगतो, टाळ्या घेतो. मीही घेतल्यात. पण त्याच साली तिकडं काय चाललं होतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चाललं, सहा लाखांवर माणसं मेली. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मननं हुकूम काढला : दक्षिणेतल्या किनाऱ्याची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना, प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत. लोकांनी ती कसायला घेतली. एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला. अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाला आणि त्यानं वर्षाच्या आत ती जमीन जुन्या धन्यांना परत करायला लावली.

कायदे मात्र आले. १८६८ ला नागरिकत्व, १८७० ला मताचा हक्क. हायरम रेव्हल्स हा काळा माणूस सिनेटमध्ये बसला. पण रान धन्याचं, उधारीची वहीही धन्याची. आणि रात्री बुरखेवाले दारात. १३ एप्रिल १८७३ ला लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी, निवडणुकीच्या वादात कोर्टाची इमारत राखत बसलेल्या काळ्यांवर गोरे चालून आले. इमारत पेटवली, शरण आलेल्यांनाही मारलं. गुन्हा शाबीत झाला फक्त तिघांवर. १८७६ ला सुप्रीम कोर्टानं तेही सोडले. म्हणे घटनादुरुस्ती सरकारला बांधते, खाजगी माणसाला नाही!

मग १८७७. अध्यक्ष हेझ की टिल्डन, असा घोळ पडला होता. तडजोड झाली : हेझला खुर्ची, आणि दक्षिणेतलं पहाऱ्यावरचं लष्कर बराकीत. सौदा गोऱ्यांचा गोऱ्यांशी. ज्यांचा जीव जाणार होता त्यांना कुणी विचारलं नाही.

पुढं १८९८ ला लुइझियानानं राज्याची नवी घटना केली. मतदाराला लिहिता-वाचता यावं, नाहीतर मालमत्ता असावी. १८९६ ला यादीत १,३०,३३४ काळे मतदार होते, १९०४ ला उरले १,३४२. १८७० ची दुरुस्ती पुस्तकात होती तशीच होती. तिच्यात जीव यायला १९६५ चा मतदान हक्क कायदा यावा लागला, आणि त्याआधी रस्त्यावर लाठ्या खाव्या लागल्या.

गड्यांनो, जोतीराव चुकले नाहीत. ज्यांनी गुलामी मोडली त्यांचा त्यांनी मान केला. दगा दिला तो नंतरच्या सौदेबाजांनी. मत समान आणि पोटापाण्यात विषमता, हे फार दिवस चालणार नाही, असं बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं, ते उगाच नाही.

म्हणून हक्काचा कागद कुणी दाखवला की मी आता दोनच गोष्टी विचारतो. रान कुणाच्या नावावर आहे? आणि पोलीस कुणाच्या ओसरीवर चहा पितो?