वारणाकाठचा रस्ता आणि वारणाकाठची तार

मराठीच्या आम्हां अध्यापकांना वारणेचे खोरे प्रथम भेटते ते अण्णाभाऊ साठे यांच्या कादंबऱ्यांतून. ‘वारणेचा वाघ’चा नायक सत्तू भोसले हा फरारी. ‘वारणेच्या खोऱ्यात’ ही बेचाळीसच्या चळवळीची कादंबरी. पाठलाग करणाऱ्या सरकारला सहजी हाती न लागणारा मुलूख ही या खोऱ्याची प्रतिमा आमच्या मनात अशी रुजली. तिला इतिहासाचा आधारही आहे. वारणेच्या एका तीरावर कोल्हापूर संस्थान होते, तर दुसऱ्या तीरावर इंग्रजांचा सातारा जिल्हा. नदी ओलांडली की अंमल बदले, आणि फरारी माणसाला ते सोयीचेच होते. हीच नदी आज कोल्हापूर आणि सांगली या जिल्ह्यांची सीमा आहे. लपण्याजोगा हा मुलूख बाहेरच्या जगाशी जोडला गेला कसा, आणि त्या जोडणीतले टिकले काय, याचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

या घडामोडीच्या केंद्रस्थानी नाव येते ते पन्हाळा तालुक्यातील कोडोलीचे विश्वनाथ अण्णा ऊर्फ तात्यासाहेब कोरे (१९१४-१९९४) यांचे. त्यांच्या पुढाकाराने कोडोलीच्या माळावर सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५९ साली सुरू झाला. त्याच्याभोवती वसलेले गाव म्हणजे वारणानगर. सहकाराचा इतिहास लिहिताना आपण भागभांडवल, संचालक मंडळे आणि निवडणुका यांविषयी पुष्कळ लिहितो. रस्त्यांविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. आमच्या मते या कथेचे मर्म तेथेच आहे.

कारखान्यापूर्वी कोल्हापूर परिसरातला ऊस गुळासाठी पिके. गुऱ्हाळ शेताच्या बांधाशी लागे. म्हणजे उसाला प्रवास नव्हताच, प्रवास होता तो गुळाच्या ढेपांचा. ढेप टिकाऊ असल्याने बैलगाडीने चिखलाच्या वाटेवर दोन दिवस अधिक घेतले तरी बाजारपेठेत पोचल्यावर तिचे मोल फारसे उतरत नसे. कारखान्याने हे गणित उलटे केले. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वाळतो, वजनाला घटतो, त्यातील साखर उतरते. तोडीनंतर शक्यतो दिवसभरात तो काट्यावर गेला पाहिजे. हंगाम चालू असताना एखादी वाट बंद पडली तर शेतकऱ्याचे वजन बुडते आणि कारखान्याचा उताराही घसरतो. म्हणून शिवारापासून कारखान्यापर्यंतचा रस्ता ही पुढाऱ्याच्या मर्जीची बाब राहिली नाही. तो व्यवहाराचाच भाग झाला.

१९६८ साली वारणा दूध संघ स्थापन झाला आणि रस्त्याला दुसरे नाशवंत ओझे मिळाले. ऊस हंगामापुरता असतो, दूध मात्र रोज आणि दोन वेळचे. ज्या रस्त्यावरून दुधाची गाडी जाते तो पावसाळ्यातही चालू ठेवावा लागतो. असा चालू रस्ता मिळाला की त्यावरून शाळकरी मुले, रुग्ण आणि माहेरवाशिणीही जातात. वारणेच्या सामाजिक सोयी या क्रमाने समजून घ्याव्यात असे आम्हांला वाटते. १९६४ साली तेथे महाविद्यालय निघाले, १९८३ साली अभियांत्रिकी महाविद्यालय. मधल्या काळात वारणा बझार, स्त्रियांचे भगिनी मंडळ आणि मुलांचा बालवाद्यवृंद उभे राहिले. खेड्यातील मुलांनी सतार-व्हायोलिन हाती घ्यावे याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले असेल. पण तालमीला मुले वेळेवर पोचतात, याआड वर्षानुवर्षे दुरुस्त ठेवलेला रस्ता असतो.

यानंतरचा टप्पा तारेचा. पंतप्रधानांनी नेमलेल्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाच्या शिफारशीतून १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प वारणेत आला. खर्च सुमारे अडीच कोटी. त्यातील निम्मा वाटा केंद्राचा, चाळीस टक्के राज्याचा आणि उरलेला वारणेच्या संस्थांचा. सत्तरच्या आसपास गावे डोळ्यांपुढे होती आणि चोपन्न ठिकाणी संगणक केंद्रे उभी राहिली. शेतकऱ्याला बाजारभाव, पीकसल्ला, आरोग्यविषयक माहिती, सरकारी दाखले हे सारे गावातच मिळावे अशी कल्पना होती. देशोदेशीचे अभ्यासक पाहावयास आले.

पुढे या केंद्रांचा जो अभ्यास झाला त्यातून निराळेच चित्र दिसले. केंद्रावर येणारा शेतकरी बहुधा जगाची माहिती विचारीत नव्हता. माझ्या उसाची नोंद झाली का, तोडीचा परवाना कधी, ऊस किती टन भरला, खताची नावे किती पडली, बिल केव्हा, एवढेच त्याचे प्रश्न. वीज जाई, दूरध्वनीची तार रुसे, यंत्रे जुनी होत. मग मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधन विभागातील अभ्यासकांनी २००६-०७ च्या सुमारास सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाईल ठेवून पाहिला. लघुसंदेशाने तीच माहिती तितकीच बिनचूक, पुष्कळ कमी खर्चात मिळू लागली. प्रकल्पाला नाव मिळाले तेही सूचक होते : ‘वारणा अनवायर्ड’.

याला कोणी प्रकल्पाचे अपयश म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. रस्त्याने जो धडा दिला होता तोच तारेने पुन्हा दिला. नाशवंत आणि स्वतःच्या हिशेबाचे काही जिच्यावरून जाते, ती वाट गाव टिकवते. वजनाची पावतीही एका अर्थी नाशवंतच. वजन आज कळले तर उद्या काट्यावर जाऊन विचारता येते, तीन महिन्यांनी कळले तर केवळ हळहळ उरते. तात्यासाहेबांच्या पिढीचे स्थानिक नेतृत्व हे जाणून होते, कारण त्याला रोज याच सभासदांसमोर उभे राहावे लागे. तारेची योजना ठरली ती दूर राजधानीत.

तथापि या कथेची दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. ही सारी जोडणी सभासदाच्या खात्यावर उभी आहे. ज्याच्या नावावर ऊस नाही त्याला विचारण्याजोगा टनाचा आकडाच नाही. बीडसारख्या जिल्ह्यांतून कोयते घेऊन दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात येणारी तोडणी कामगारांची कुटुंबे याच रस्त्यांवरून फडात जातात. ऊस वेळेत काट्यावर पोचतो तो त्यांच्या पहाटेच्या कष्टांमुळे. पण त्यांचा हिशेब मुकादमाच्या वहीत. शिवाय ज्या संस्थांतून रस्ते झाले त्यांतूनच सत्ताही उभी राहिली. तात्यासाहेबांचे नातू विनय कोरे यांनी २००४ साली जनसुराज्य शक्ती हा पक्ष काढला, त्यामागे वारणेचे हे संस्थाविश्व होते. सहकाराचा वारसा आणि सत्तेचा वारसा यांची गुंतवळ महाराष्ट्रात अन्यत्रही आढळते. कोणा एका घराण्यावर तिचा ठपका ठेवण्यात अर्थ नाही.

आज उसाच्या वजनाचा संदेश शेतकऱ्याच्या खिशातील मोबाईलवर येतो आणि त्याचे कोणाला अप्रूप उरलेले नाही. तोडणी कामगाराच्या खिशातही मोबाईल आहे. त्याच्या कुटुंबाने दिवसभरात किती टन तोडले आणि उचलीतले किती फिटले, हे त्यावर ज्या दिवशी उमटेल, त्या दिवशी वारणेचे खोरे पुरतेपणी जोडले गेले असे आम्ही म्हणू.