कुल्तुरा

परकीय भाषेच्या वर्गात संगणकजालाच्या साहाय्याने संस्कृती शिकविण्याचा प्रकल्प. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या फ्रेंच विभागात तो १९९७ मध्ये सुरू झाला. झिल्बेर्त फ्युर्स्टेनबर्ग आणि त्यांचे सहकारी हे त्याचे प्रवर्तक.

फ्रेंच शिकणारे अमेरिकन आणि इंग्रजी शिकणारे फ्रेंच विद्यार्थी एकसारख्या प्रश्नावल्या भरतात : एखादा शब्द वाचून मनात काय येते, अर्धे वाक्य कसे पूर्ण कराल, अमुक प्रसंगी काय कराल. उत्तरे संकेतस्थळावर शेजारी शेजारी मांडली जातात. ‘व्यक्तिवाद’ म्हटल्यावर अमेरिकन विद्यार्थ्यांना स्वातंत्र्य आठवले, फ्रेंचांना स्वार्थ. हाच फरक शिक्षकाने सांगितला असता, तर तो वहीतच राहिला असता. येथे विद्यार्थी तो स्वतः हेरतात आणि कारण थेट समोरच्यांनाच लिहून विचारतात.

या लेखी चर्चेत प्रत्येक जण आपापल्या भाषेत लिहितो. शिकायच्या भाषेतच का नाही, ही शंका रास्त आहे. पण तोकड्या भाषेत मतांतील बारकावे हरवतात. शिवाय एकाने मातृभाषेत लिहिलेले दुसऱ्याला अस्सल वाचनपाठ म्हणून मिळते. प्रकल्पातील हा सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय होय.

एका वर्गाची उत्तरे म्हणजे अख्खा देश नव्हे. म्हणून ती जनमत चाचण्या, वृत्तपत्रे आणि चित्रपट यांच्याशी ताडून पाहिली जातात. १९८५ चा एक फ्रेंच चित्रपट व १९८७ ची त्याची अमेरिकन आवृत्ती ‘थ्री मेन अँड अ बेबी’ यांची तुलना हा त्याचाच भाग. पुढे स्पॅनिश, जर्मन, रशियन इत्यादी भाषांच्या वर्गांनीही ही पद्धत स्वीकारली.