तिकिटांचे स्थलांतर आणि ॲडमिनचे शिक्षण

कंपनीत पासवर्ड चालेनासा झाला किंवा प्रिंटर बंद पडला, की हेल्पडेस्कला कळवतात आणि त्या तक्रारीचे ‘तिकीट’ तयार होते. तिकिटे सांभाळणारी प्रणाली बदलली, की वर्षानुवर्षांच्या नोंदी नव्या प्रणालीत न्याव्या लागतात. प्रणाली चालवणाऱ्या ॲडमिनना हे काम शिकवण्याची गरज या प्रणालींच्या इतिहासातूनच निर्माण झाली.

ब्रिटिश सरकारच्या सीसीटीए या संस्थेने १९८०च्या दशकाअखेरीस आयटी सेवा कशा सांभाळाव्यात हे सांगणारी आयटिल ही पुस्तकमालिका काढली आणि ‘इन्सिडेंट’, ‘प्रॉब्लेम’, ‘चेंज’ या शब्दांना ठरावीक अर्थ मिळाले. १९९० मध्ये कॅलिफोर्नियात रेमेडी कंपनी निघाली. तिच्या तिकीट प्रणालीत ज्याला हवे तसे फॉर्म आणि फील्ड बनवता येत. सोय मोठी होती, पण ‘तातडीचे’ म्हणजे काय, हे प्रत्येक कंपनीत वेगळे ठरू लागले. २००१ मध्ये पेरेग्रिन या कंपनीने रेमेडी विकत घेतली. पुढच्याच वर्षी पेरेग्रिन दिवाळखोरीत गेली आणि रेमेडी बीएमसी सॉफ्टवेअर या कंपनीकडे आली. पेरेग्रिनचे माजी तंत्रप्रमुख फ्रेड लडी यांनी २००४ मध्ये नवी कंपनी काढली, तीच पुढे सर्व्हिसनाऊ झाली.

जुनी तिकिटे सर्व्हिसनाऊच्या प्रणालीत आणणाऱ्या ॲडमिनला शिकावे लागते ते असे: जुना डेटा थेट मुख्य टेबलात घालायचा नाही. तो आधी ‘इम्पोर्ट सेट’मध्ये उतरवायचा, मग ‘ट्रान्सफॉर्म मॅप’ने जुने फील्ड नव्याशी जोडायचे. खरी मेख ‘कोअलेस’ या खुणेत आहे. जुन्या तिकीट क्रमांकावर ती खूण केली, तर तीच फाइल पुन्हा चालवल्यावर आधीची नोंद अद्ययावत होते. खूण करायची राहिली, तर प्रत्येक ओळीची नवी नोंद पडते आणि दहा हजार तिकिटांची वीस हजार होतात. क्रमही सांभाळावा लागतो: आधी माणसे आणि गट, मग उपकरणे, शेवटी तिकिटे. आयात चालू असताना सूचनांचे ईमेल बंद ठेवावे लागतात, नाहीतर कधीच मिटलेल्या तक्रारींचे निरोप लोकांना जातात. बटणे कुठे आहेत हे कुणीही दाखवू शकते. हे बारकावे मात्र चाचणी प्रणालीत हाताने करूनच अंगवळणी पडतात.

जिरा ही तिकीट प्रणाली बनवणाऱ्या ॲटलासियनने २०२० मध्ये तिची सर्व्हर आवृत्ती बंद करण्याचे जाहीर केले आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी त्या आवृत्तीचा सपोर्ट थांबवला. जिरा वापरणाऱ्या असंख्य ॲडमिनना ठरलेल्या मुदतीत स्थलांतराचे काम शिकावे लागले. तिकिटे जिराच्या क्लाउड आवृत्तीत नेली, की तिथे माणूस ओळखला जातो तो ईमेल पत्त्यावरून. म्हणून चुकीचे पत्ते आणि दोघांच्या नावावर असलेला एकच पत्ता आधी निस्तरावे लागतात, नोकरी सोडून गेलेल्यांचेसुद्धा. तसे झाले नाही, तर कोणते तिकीट कुणी सोडवले, हा धागा तुटतो.