ख्रिस्तपुराणाचें देवळांतील गायन

जुबिलीच्या सायंकाळीं, मिस्सानंतर, आपल्या देवळांत फादर स्टीफन्सकृत ख्रिस्तपुराणांतील कांहीं ओव्या गाण्याचें आम्हीं योजिलें आहे. "हें गोव्याचें पुराण केडगांवांत कशाला?" असें एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं आम्हांस विचारिलें. त्या वेळीं नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें येथें देतों.

ओवी परकी नव्हे, ती आपल्याच जिल्ह्यांतली. शके १२१२ मध्यें, म्हणजे सन १२९० त, नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ज्या दगडी खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनीं ती सांगितली असें परंपरा मानते, तो खांब तेथें अद्याप पूजिला जातो. मराठीचा हा थोर ग्रंथ श्रोत्यांपुढें मुखानें सांगितला गेला, हें ध्यानांत ठेवावें. जात्यावर बसणाऱ्या आपल्या आयाबहिणींजवळही ओवी होतीच. तिची चाल मात्र निराळी.

थॉमस स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज. २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं ते गोव्यास उतरले आणि पुढें बहुतेक सारें आयुष्य त्यांनीं साष्टी प्रांतांत वेंचिलें. पुराणाच्या आरंभींच त्यांनीं एक प्रसंग सांगितला आहे. धर्मशिक्षण चाललें असतां एका ब्राह्मणानें त्यांस नमस्कार करून म्हटलें कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें आपण बंद केलीं, तर त्यांच्या जागीं दुसरें पुराण आम्हांस कां देत नाहीं? आमच्या मतें या प्रश्नांत मागणीपेक्षां तक्रार अधिक आहे, आणि ती रास्त होती. तिचें उत्तर म्हणून सुमारें ११,००० ओव्यांचा ग्रंथ सन १६१६ मध्यें राशोल येथें रोमन लिपींत छापला गेला. १६४९ व १६५४ मध्यें तो पुन्हां निघाला. पुढें १६८४ त पोर्तुगीज सरकारनें देशी भाषा सोडण्याचा हुकूम काढिला. तरीही पुराण हस्तलिखितांतून व लोकांच्या मुखीं टिकलें. १९०७ मध्यें मंगळुरास सालढाण्यांनीं तें छापिलें, आणि १९५६ त पुण्याहून बंडेलूंची नागरी आवृत्ति निघाली.

आतां वास्तूविषयीं. त्या काळचें येशूसंघाचें नमुनेदार देऊळ म्हणजे जुन्या गोव्यांतील बॉम जेझू. तें १५९४ त आरंभिलें व १६०५ त अभिषिक्त झालें. आंत एकच लांबरुंद दालन आहे, मध्यें खांबांच्या रांगा नाहींत, आणि व्यासपीठ बाजूच्या भिंतीवर आहे. हेतु हा कीं, सर्वांस वेदी दिसावी व शब्द ऐकूं यावा. दर्शनी भागाचा काळा दगड वसईहून आणिला, म्हणजे आपल्या विहिरींना लागणारा तोच कातळ! अशा उंच दालनांत आवाज उशिरा परत येतो. जलद तालाचें गाणें तेथें गढूळ होतें. ओवीचें तसें नाहीं. तिला तालाचें बंधन नाहीं. तीन चरण यमकानें बांधिलेले, चौथा आंखूड. त्या आंखूड चरणाअंतीं गाणारा थांबतो, प्रतिध्वनि विरतो, मग पुढची ओवी. लॅटिन स्तोत्रगायनही असेंच तालावांचून, श्वासावर चालतें.

तें गायन आम्ही सेमिनरींत कैक वर्षें शिकलों; ख्रिस्तपुराण मात्र आम्हीं तेथें कधीं उघडलें नाहीं. दोष आमचाच. पुढें एकदां राशोलच्या देवळांत कोणी नसतांना चार ओव्या हळू म्हणून पाहिल्या, आणि जें पुस्तकांत कंटाळवाणें वाटलें होतें तें वेदीपर्यंत जाऊन परत आलेलें ऐकलें.

४ डिसेंबर १९६३ च्या व्हॅटिकन परिषदेच्या घटनेनें देशोदेशींच्या गायनपरंपरांस उपासनेंत मान दिला. त्यानंतर तबलापेटीचीं भजनें आलीं, तीं उत्तमच. परंतु ओवी मागेंच राहिली.

आपलें देऊळ लहान, छत बुटकें. येथें आवाज फार रेंगाळत नाहीं. म्हणून गायकांस प्रत्येक ओवीअंतीं एक श्वास थांबण्यास सांगितलें आहे. पेटी केवळ सुरापुरती राहील. तीन चरण एकानें म्हणावे, चौथा सर्वांनीं. जात्यावरच्या ओव्या ज्यांस येतात त्या आजीबाईंनीं पुढच्या बांकांवर बसावें. चाल त्यांस लवकर उमगेल. ओव्या प्रभुजन्माच्या आहेत. ध्वनिक्षेपक व पंखे त्या वेळीं बंद राहतील. तेवढा उकाडा सोसावा.