लघवी सुटली, पुढें काय?

भंडारदऱ्याचें धरण 1926 सालीं पुरें झालें आणि प्रवरेचें पाणी नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरच्या, उत्तर भागांत कालव्यांनीं खेळूं लागलें. हरेगांवास बेलापूर कंपनीचा साखर-कारखाना उभा राहिला. पुढें विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें प्रवरानगरास शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना निघाला आणि 1950-51 च्या हंगामांत त्याचें गाळप सुरू झालें. ही हकीकत वाचकांस परिचित आहे. तिच्या पोटांत दुसरी एक हकीकत आहे, ती साखरेच्या इतिहासांत सहसा येत नाहीं. ती माणसाच्या मूत्रपिंडाची आहे.

ऊस पाण्यावर वाढतो, पण तो तोडणारा माणूस पाथर्डी, शेवगांव, जामखेड अशा याच जिल्ह्यांतील कोरड्या तालुक्यांतून, किंवा शेजारच्या बीडांतून येतो. त्यानें मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, आणि खाडा झाला कीं पैसे कापले जातात. अशा माणसास फडांत दोन वैरी भेटतात: ऊन आणि घोणस.

घोणशीच्या विषानें रक्ताची गोठण्याची शक्ति नाहींशी होते व मूत्रपिंडांतील सूक्ष्म नलिकांचें अस्तर मरूं लागतें. लघवी बंद पडते. प्रतिविष आणि डायलिसिस वेळेवर मिळालें, तर बहुधा दोनतीन आठवड्यांत ती पुन्हां सुटते. घरचीं माणसें नारळ फोडतात, आणि रोगी कोयता उचलतो.

लघवी सुटली म्हणजे रोगी सुटला, या समजुतीबद्दल खेडुतांस हसण्याचें कारण नाहीं. शंभर वर्षांहून अधिक काळ ती वैद्यकशास्त्राचीच समजूत होती. 1831-32 च्या सुमारास इंग्लंडांत पटकीची सांथ चालू असतां विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरास, ज्यांची लघवी थांबली होती त्यांच्या रक्तांत यूरिया सांठल्याचें आढळलें. (हाच गृहस्थ पुढें कलकत्त्यास आला आणि हिंदुस्थानांत तारायंत्र आणण्याचें श्रेय त्यास मिळालें.) विसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्यासच लिओनार्ड रॉजर्स यांनीं शिरेंतून खारें पाणी देऊन पटकीचे कितीतरी रोगी वांचविले, तरी कांहीं रोगी पटकींतून उठून मागाहून मूत्रावरोधानें दगावत. जे त्यांतूनहि उठले त्यांचीं मूत्रपिंडें दहा वर्षांनीं कशीं चालत होतीं, हें पाहण्याचें साधन कोणापाशीं होतें?

लंडनवर बाँब पडत असतां ढिगाऱ्याखालीं चेंगरलेलीं माणसें सुखरूप बाहेर काढलीं जात व थोड्याच दिवसांत लघवी बंद होऊन मरत; बायवॉटर्स व बील यांनीं 1941 सालीं त्यांचें वर्णन केलें. हॉलंडांत कोल्फ यांनीं युद्धाच्या धामधुमींतच कृत्रिम मूत्रपिंड बनविलें आणि 1945 सालीं त्याच्या साह्यानें पहिला रोगी वांचला. नलिकांच्या पेशी नव्यानें उगवतात हें सूक्ष्मदर्शकाखालीं दिसतच होतें. तेव्हां इजा झालेलें मूत्रपिंड एक तर घात करतें, नाहीं तर पूर्ववत् होतें, असा सिद्धांत पक्का झाला.

हा सिद्धांत किती अपुरा होता, तें उसाच्या शेतकऱ्यास समजावून सांगणें सोपें आहे. ऊस तोडल्यावर खोडवा फुटतो; लांबून शेत पहिल्यासारखेंच हिरवें दिसतें, पण आंत नांग्या पडलेल्या असतात. मूत्रपिंडाचें तसेंच होतें. प्रत्येकांत सुमारें दहा लक्ष गाळण्या असतात, आणि जन्मानंतर नवी एकहि तयार होत नाहीं. इजेनंतर कांहीं नलिकांचें अस्तर नीट भरून येतें. कांहींचें भरणें अर्ध्यावर अडतें, भोंवतालच्या केशवाहिन्या विरळ होतात व त्या जागीं तंतूंचा व्रण धरतो. शेतांतल्या नांग्या भरतां येतात, या भरतां येत नाहींत. उरलेल्या गाळण्यांवर वाढीव भार पडतो आणि त्या भारानेंच त्या झिजतात, असें ब्रेनर व त्यांचे सहकारी यांनीं 1982 सालीं मांडलें. 2012 सालीं तेरा अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला: अशी इजा सोसलेल्यांस पुढें जुनाट मूत्रपिंडविकार होण्याचा धोका इतर रोग्यांच्या सुमारें नऊपट निघाला. यांतील कांहींचीं मूत्रपिंडें आधींपासूनच दुबळीं असतील, ही शंका रास्त आहे. पण साराच दोष तिच्यावर ढकलतां येत नाहीं.

मौज म्हणण्यापेक्षां दुर्दैव असें, कीं रक्तांतील क्रिएटिनिनचा आकडा या नांग्या लवकर दाखवीत नाहीं. गाळण्याची निम्मी शक्ति जाईपर्यंत तो जवळजवळ साधा राहूं शकतो. शिवाय आजारानें स्नायू झडले कीं तो आपोआपच खालीं येतो. म्हणून तीन महिन्यांनीं पुन्हां रक्त आणि लघवींतील प्रथिन तपासावें, असा संकेत आहे.

उन्हाची इजा याहून मुकी. तिच्यांत लघवी बंद पडत नाहीं, रोगी कोणी म्हणवीत नाहीं. मध्य अमेरिकेंतील एल साल्व्हादोर देशांत मधुमेह वा रक्तदाब नसतांनाहि मूत्रपिंडें निकामी झालेले रोगी फार आढळतात, असें 2002 सालीं तेथील डॉक्टरांनीं नोंदविलें. पुढें त्या भागांतील ऊसतोड्यांत हा रोग ठळकपणें दिसून आला. कारणांचा वाद मिटलेला नाहीं, परंतु तहानेल्या शरीरानें उन्हांत राबून वारंवार होणारी लहान लहान इजा, हें त्यांतील एक प्रमुख कारण मानलें जातें. निकाराग्वांतील एका कारखान्यानें पाणी, सावली व विश्रांति यांची सोय वाढविल्यावर नव्या इजा घटल्या. अंगदुखीवर घेतलेली डायक्लोफेनॅकची गोळी तहानेल्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करते, हें तर पाठ्यपुस्तकांतलें आहे; फडावर ती गोळी सांगावयास डॉक्टर लागत नाहीं.

तीन महिन्यांचा संकेत वाचावयास सोपा आहे. पण मार्गशीर्षांत श्रीरामपुराकडे घोणस चावलेला माणूस फाल्गुनांत दुसऱ्याच फडावर असतो, आणि पट्टा पडल्यावर चैत्रांत पाथर्डीकडे आपल्या गांवीं. दवाखान्याचा कागद कोपीच्या वळचणीस खोंचलेला असतो. बिऱ्हाड हलतांना तो बैलगाडींत चढतोच असें नाहीं.